सगळ्यांनी खेळलेली गोष्ट पटकथेत उतरते तेव्हा

टेबलाभोवती सहा-सात जण बसलेत. समोर कागद, पेन्सिली, वेफर्सची पाकिटं आणि वीस बाजूंचा फासा. ‘मी दाराचं कुलूप उघडून बघते,’ एक जण म्हणते. खेळ चालवणारा गेम मास्टर सांगतो, ‘पंधरा लागतील.’ तिचं पात्र अशा कामात तरबेज आहे, त्यामुळे पाच गुण आधीच तिच्या पदरात आहेत. म्हणजे फाशावर दहा किंवा त्याहून जास्त यायला हवेत. तशी शक्यता ५५ टक्के. दान पडतं चार. कुलूप उघडत नाही, वर खडखडाट होतो आणि आतले पहारेकरी जागे होतात. गुपचूप आत शिरायचा बेत बारगळतो आणि पुढचे दोन तास सगळी टोळी जीव मुठीत धरून पळत राहते.

रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो हाच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, त्याच्या तोंडून बोलतो, त्याचे निर्णय घेतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजे, राक्षस, सरायांचे मालक, वादळवारे, गेम मास्टर सांभाळतो. एखादी गोष्ट साधेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. महिनोन्महिने असं खेळत गेल्यावर जी कथा तयार होते, ती कुणा एकाच्या डोक्यातून आलेली नसते.

अशा कथेची टीव्ही मालिका करायला घेतली की पटकथालेखकापुढे पहिल्याच पानावर प्रश्न उभा राहतो: कुलूप का उघडलं नाही? ‘दान चार पडलं’ हे उत्तर टेबलावर चालतं, कारण दान सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रेक्षकाने ते पाहिलेलं नाही. त्याला कारण हवं. तिचा हात का थरथरला? तिचं लक्ष कुठे होतं? टेबलावर जे नशिबावर सोडलेलं असतं, त्याला पटकथेत कारण द्यावं लागतं. आणि हे काम एकट्याने करून भागत नाही, कारण गोष्ट मुळातच एकट्याची नसते.

आपल्याकडच्या तमाशातला वग असाच उभा राहायचा. कथासूत्र ठरलेलं आणि संवाद मात्र फडावर, समोरच्या गर्दीचा अंदाज घेत सुचलेले. तोच वग कागदावर उतरवताना कुठला हजरजबाब ठेवायचा आणि कुठला त्या रात्रीपुरता होता म्हणून सोडायचा, हे ठरवावं लागतं. खेळाची पटकथा करणाऱ्यांपुढचा पेचही याच जातीचा आहे.

चारशे तासांचे झाले पाच तास

अलीकडचं सर्वांत बोलकं उदाहरण ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स माकिना’ या अ‍ॅनिमेशन मालिकेचं. लॉस एंजेलिसमधल्या काही व्हॉइस आर्टिस्ट मित्रमैत्रिणींनी २०१२ मध्ये घरगुती खेळ सुरू केला. गेम मास्टर होते मॅथ्यू मर्सर. २०१५ पासून हा खेळ ‘क्रिटिकल रोल’ या नावाने इंटरनेटवर थेट दिसू लागला. पहिली मोहीम २०१७ मध्ये संपली तेव्हा ११५ भाग झाले होते आणि बहुतेक भाग तीन-चार तासांचे होते. २०१९ मध्ये या मंडळींनी २२ मिनिटांच्या एका अ‍ॅनिमेशनपटासाठी चाहत्यांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. जमले एक कोटी तेरा लाखांहून जास्त. मग अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ पुढे आलं आणि जानेवारी २०२२ मध्ये पहिला सीझन आला, १२ भागांचा, प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाच्या आतला.

साधा हिशेब मांडला तरी कात्री किती चालली असेल ते कळतं. सुमारे चारशे तासांच्या खेळातला एक तुकडा घेऊन पाच तासांची मालिका झाली. लेखकांच्या बैठकीत बाहेरून घेतलेले व्यावसायिक पटकथालेखक होते आणि मूळ खेळाडूंचाही वाटा होता. खेळाडूला आपल्या पात्राचा स्वभाव आतून ठाऊक असतो. बाहेरच्या लेखकाला अठ्ठावीसाव्या मिनिटाला प्रेक्षक कंटाळेल हे ठाऊक असतं. दोघांपैकी एकाचंच ऐकलं तर मालिका फसते.

त्यातला एक बदल जवळून पाहण्यासारखा आहे. पाइक या पुजारी योद्ध्याचं पात्र खेळणाऱ्या अ‍ॅशली जॉन्सन यांना त्या काळात ‘ब्लाइंडस्पॉट’ मालिकेच्या शूटिंगसाठी न्यूयॉर्कला राहावं लागत होतं. त्यामुळे खेळातून पाइक वारंवार गायब व्हायची. कधी जॉन्सन दुरून व्हिडिओ कॉलवर खेळायच्या, तेव्हा पाइक सूक्ष्म देहाने प्रकट झाली असं मानलं जायचं. पडद्यावर या कारणाचा काही उपयोग नव्हता. मग पटकथेत पाइकचं तिच्या देवतेशी असलेलं नातं डळमळीत झालं. ते सावरायला ती मित्रांना सोडून मंदिरात जाते आणि ऐन संकटात सूक्ष्म देहाने परतते. घटना तीच राहिली. फक्त शूटिंगच्या तारखांच्या जागी श्रद्धेची परीक्षा आली, आणि एका अडचणीतून पात्राला स्वतःचा प्रवास मिळाला. रूपांतर म्हणतात ते याला.

याउलट एका खेळाडूने २०१५ मध्येच गट सोडला होता. त्याचं पात्र मालिकेत घेतलंच नाही आणि कथेला भोकही पडलं नाही. टेबलावर मर्सर शेकडो गौण पात्रं एकट्याच्या आवाजात उभी करत. मालिकेत ती वेगवेगळ्या कलाकारांना वाटून दिली गेली. इंदिरा वर्मा यांचा आवाज त्यातल्याच एका पात्राला आहे. आपण जन्माला घातलेलं पात्र दुसऱ्याच्या आवाजात ऐकायची तयारी ठेवणं हाही सहलेखनाचाच भाग आहे.

मेलेलं पात्र तसंच ठेवलं

दुसरं उदाहरण ‘द एक्स्पान्स’ या मालिकेचं. टाय फ्रँक यांनी सूर्यमालेत वसाहती केलेल्या माणसांचं हे जग आधी एका ऑनलाइन गेमसाठी रचलं होतं. तो गेम झाला नाही. मग फ्रँक आपल्या गटांना घेऊन याच जगात रोल-प्लेइंग गेम चालवू लागले. न्यू मेक्सिकोत कादंबरीकार डॅनियल अब्राहम त्यांच्या टेबलावर खेळायला बसले आणि यातून कादंबरी होईल हे त्यांनी ओळखलं. जेम्स एस. ए. कोरी या जोडनावाने २०११ मध्ये ‘लेव्हायथन वेक्स’ आली. एका पात्राची प्रकरणं एकाने लिहायची, दुसऱ्या पात्राची दुसऱ्याने, आणि मग एकमेकांच्या पानांवर हात फिरवायचा, अशी त्यांची पद्धत.

सुरुवातीच्या खेळात शेड नावाचं पात्र घेतलेला खेळाडू मध्येच खेळ सोडून गेला. फ्रँक यांनी शेडला मारून टाकलं. कादंबरीत आणि पुढे मालिकेतही तो मृत्यू तसाच आला: युद्धनौकेवर सोबती बसलेले असताना भिंत भेदून आलेल्या माऱ्यात शेड क्षणात संपतो. ना निरोप, ना शेवटचे शब्द. पाइकच्या बाबतीत योगायोगाला कारण द्यावं लागलं. इथे ते दिलं असतं तर प्रसंग पडला असता, कारण अंतराळातल्या लढाईत मरण असंच येतं, हेच तर त्या कथेला सांगायचं होतं. कुठला योगायोग कारणात बांधायचा आणि कुठला तसाच सोडायचा, हे ओळखण्यात लेखकांच्या गटाचा कस लागतो.

डिसेंबर २०१५ मध्ये सायफाय वाहिनीवर मालिका सुरू झाली. सूत्रं नरेन शंकर यांच्याकडे होती. कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ते पटकथालेखनाकडे वळलेले. फ्रँक आणि अब्राहम लेखकांच्या बैठकीत बसत. मूळ लेखक बैठकीत बसले की ते प्रत्येक ओळीसाठी भांडतील अशी भीती असते. इथे उलट घडलं. पहिली कादंबरी मुख्यतः दोनच पात्रांच्या नजरेतून जाते, त्यामुळे पृथ्वीवरचं राजकारण तिच्यात आतून दिसत नाही. मालिकेला ते हवं होतं. म्हणून दुसऱ्या कादंबरीतली, साडी नेसणारी मुत्सद्दी क्रिसजेन अवसरला पहिल्याच सीझनमध्ये आली. कादंबऱ्यांत चार-पाच जणांमध्ये विखुरलेली कामं मालिकेत एकट्या ड्रमर या पात्राकडे गेली आणि ती मालिकेतल्या सर्वांत लक्षात राहणाऱ्यांपैकी एक झाली. तीन सीझननंतर वाहिनीने मालिका बंद केली, अ‍ॅमेझॉनने आणखी तीन केले, आणि २०२२ च्या जानेवारीत ६२ भागांवर ती थांबली.

नावं, नियम आणि बाहेरचा हात

या कामात कायद्याची बाजूही येते. खेळायची पद्धत कुणीही वापरू शकतो. त्या खेळाच्या प्रकाशकाने निर्माण केलेली नावं, देवता, राक्षस यांच्यावर मात्र त्याचा हक्क असतो. घरी खेळताना ते मोकळेपणाने वापरले जातात, मालिका करताना चालत नाहीत. म्हणून ‘व्हॉक्स माकिना’त पाइकची देवता नुसती ‘एव्हरलाइट’ झाली आणि मूळ खेळातला बिग्बी या जादूगाराच्या नावाचा मंत्र टोळीतल्याच स्कॅनलन या पात्राच्या नावावर आला.

टेबलावरून पडद्यावर जायची वाट जपानने टप्प्याटप्प्याने काढली होती. ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ची सुरुवात १९८६ मध्ये ‘कॉम्प्टिक’ मासिकात झाली. तिथे टेबलावरचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं छापलं जाई. मग गेम मास्टर र्यो मिझुनो यांनी त्यावर कादंबऱ्या लिहिल्या आणि १९९० मध्ये अ‍ॅनिमेशन मालिका आली. तिची लाडकी नायिका डीडलिट टेबलावर खेळली होती हिरोशी यामामोतो या पुरुष लेखकाने.

बाहेरचा हात जड झाला की काय होतं, हे १९८३ ते १९८५ दरम्यान सीबीएसवर आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कार्टूनने दाखवलं. त्यात एरिक हे सतत कुरकुरणारं पात्र होतं. गट नेहमी बरोबर आणि तक्रार करणारा नेहमी चूक, हा धडा मुलांना मिळावा असा सल्लागारांचा आग्रह होता, आणि तो आपल्याला पटला नव्हता, असं मालिकेची मांडणी करणाऱ्या मार्क इव्हानिअर यांनी पुढे उघडपणे लिहिलं. या खेळाचा जीवच मुळी टेबलावरच्या वादात असतो. ‘तिकडे नको जाऊया’ म्हणणारा एक जण नसेल, तर साहस कसलं? तो आवाज दाबला की खेळाची पटकथा होत नाही, पाठ्यपुस्तक होतं.

आपल्या टेबलावर

पुण्या-मुंबईत आता तरुणांचे असे गट जमतात, मराठीतून खेळतात. त्यांच्यापैकी कुणाला आपली मोहीम पडद्यावर नेण्याचं स्वप्न असेल, तर ते खुशाल पाहावं. मात्र पहिली ओळ लिहिण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. प्रत्येक बैठकीची टिपणं ठेवावीत, कारण काय घडलं यावर दोन वर्षांनी दोघांचं एकमत होत नाही. कुठलं पात्र कुणाचं आणि ते बदलायचं किंवा मारायचं झालं तर कुणाला विचारायचं, हे मैत्री घट्ट असतानाच कागदावर यावं. मतं सगळ्यांची घ्यावीत, पण शेवटचा शब्द कुणाचा हे एकदाच ठरवावं. आणि जिथे जिथे ‘तसं दान पडलं’ एवढंच उत्तर हाती येईल, तिथे सगळ्यांनी मिळून थांबावं आणि त्या जागी माणूस शोधावा.

आपल्या मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी वेगवेगळी नावं देण्याची चांगली पद्धत आहे. खेळातून घडलेल्या मालिकेत कथेच्या ओळीत टेबलावरच्या प्रत्येकाचं नाव यायला हवं, गट सोडून गेलेल्याचंही, आणि मानधनाच्या करारातही त्याचा वाटा असायला हवा. गोष्ट सगळ्यांनी मिळून घडवली असेल, तर तिची कमाई आणि तिचा मान एकट्याने घेऊ नये.