जांभळ्या रंगाची साक्ष

एखाद्या औषधाने कर्करोगाच्या पेशींची वाढ खुंटते की नाही, हे ठरवावयाचे तर पेशींची मोजदाद करावयास हवी. सूक्ष्मदर्शकाखाली ती करीत बसणे मोठे वेळखाऊ. १९८३ साली टिम मॉसमन या शास्त्रज्ञाने त्यावर रंगाचा सुटसुटीत उपाय प्रसिद्ध केला. एम.टी.टी. नावाचे पिवळे द्रव्य जिवंत पेशींना दिले, की त्यांच्यातील विकरे त्याचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात; मृत पेशींना ते साधत नाही. हे जांभळे स्फटिक विरघळवून, सुमारे ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, ते यंत्राने मोजतात. रंग गडद, तर पेशी अधिक, असा हा सरळ हिशेब.

परंतु तो नेहमीच सरळ राहत नाही. समजा, एखाद्या वनस्पतीच्या अर्काने पेशी मरतील अशी अपेक्षा असता रंग उलट गडद झाला. मग अर्क निरुपयोगी म्हणून टाकून द्यावा काय? ती घाई ठरेल. क जीवनसत्त्व किंवा वनस्पतींतील पॉलिफेनॉल द्रव्ये पेशींवाचूनही एम.टी.टी.ला जांभळे करू शकतात. यास्तव काही खळग्यांत पेशी न घालता केवळ पोषक द्रव, अर्क व एम.टी.टी. ठेवून पाहावे. तेथेही रंग चढला, तर साक्षीदारच खोटा! अशा वेळी एम.टी.टी. घालण्यापूर्वी अर्क धुऊन काढावा.

एकाच नमुन्याचे आकडे वरखाली होत असतील, तर स्फटिक पुरते विरघळले आहेत की नाहीत, हे प्रथम तपासावे. ९६ खळग्यांच्या तबकडीत कडेचे ३६ खळगे लवकर सुकतात. त्यांत नुसता द्रव भरून प्रयोग आतल्या खळग्यांत करणे श्रेयस्कर. पेशींची दाटी फार झाली, तर संख्या वाढूनही रंग त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून ज्ञात संख्येच्या पेशी घेऊन रंग कोठवर संख्येच्या प्रमाणात वाढतो, ते आधी पडताळावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा रंग पेशींची संख्या नव्हे, तर त्यांच्या चयापचयाचा जोम दाखवितो. औषधाने पेशी केवळ मंदावल्या, तरी रंग फिका पडतो आणि त्या मेल्याचा भास होतो. म्हणून ट्रिपॅन ब्लू वापरून प्रत्यक्ष गणना करावी, अथवा नव्या डी.एन.ए.ची निर्मिती मोजावी. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या, म्हणजेच निकालावर विसंबता येते. कारण त्याच निकालावर पुढे रुग्णांच्या आशा उभ्या राहावयाच्या असतात.