चेनमुळे मागे गेलेलं इंजिन

सर्बिटन हे लंडनचं उपनगर. तिथल्या गॅरेजात चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ साली दोन फियाट टोपोलिनो गाड्यांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि ५०० सीसीची रेसिंग कार उभी केली. इंजिन मोटारसायकलचं. चेनने मागची चाकं फिरवायची तर इंजिन त्यांच्याजवळच हवं, म्हणून ते ड्रायव्हरच्या पाठीमागे गेलं. सोय पाहिली, बाकी काही नाही! हीच मांडणी युद्धापूर्वी जर्मनीच्या ऑटो युनियनने केली होती, पण पुढे ती फारशी कुणी उचलली नव्हती.

फायदे हळूहळू उलगडले. इंजिन पुढे असलं की ताकद मागे नेणारा लांब शाफ्ट ड्रायव्हरच्या खालून किंवा शेजारून न्यावा लागतो. तो गेला, सीट खाली आली, गाडी बुटकी आणि हलकी झाली. जड भाग मधोमध आल्याने वळणावर ती चटकन वळायची. ओवेन मॅडॉक यांनी आखलेल्या चासीचे पाइप मात्र बाकदार होते. सरळ पाइपच मजबूत, असं मानणारे इंजिनिअर नाकं मुरडत.

जानेवारी १९५८, अर्जेंटिना ग्रां प्री. स्टर्लिंग मॉसच्या कूपरचं इंजिन दोन लिटरहूनही लहान, समोर २.४ लिटरच्या फेरारी. त्यात कूपरची चाकं बोल्टांनी बसवलेली. टायर बदलायचे तर शर्यत हातची गेलीच. मॉसच्या पिटमध्ये टायर बदलायच्या तयारीचं सोंग चाललं, आणि मॉस थांबलाच नाही. शेवटी टायरांचं रबर झिजून आतलं कापड दिसू लागलं होतं. मुसो या ड्रायव्हरची फेरारी २.७ सेकंदांनी मागे राहिली.

पुढचं भराभर झालं. १९५९ आणि १९६० अशी दोन्ही वर्षं जॅक ब्रॅबम कूपरमधून जगज्जेता ठरला. बैल गाडीच्या पुढेच जुंपायचा असतो, असं एन्झो फेरारी म्हणत, अशी आख्यायिका आहे. १९६१ मध्ये त्यांनीही इंजिन मागे नेलं. कूपर मात्र पाइपांच्याच चासीत रमले. १९६२ मध्ये कॉलिन चॅपमनने लोटस २५ मध्ये पाइपांची चौकटच काढून पत्र्याचा मोनोकॉक आणला आणि सर्बिटनकर मागे पडले. माझ्या मते हुशारीत चॅपमन सरस, पण शर्यतीची दिशा बदलली ती कूपरांनी.

पुढे इंजिन असलेल्या गाडीने जागतिक स्पर्धेतली शेवटची ग्रां प्री जिंकली ती १९६० मध्ये, मोंझाला. फेरारीच्या फिल हिलने. प्रमुख ब्रिटिश संघांनी त्या शर्यतीवर बहिष्कार टाकला होता.