झोप, व्यायाम आणि मनःस्वास्थ्य : केवळ सल्ला पुरेसा का ठरत नाही

चेन्नई शहरातील अल्प उत्पन्न गटातल्या ४५२ प्रौढ व्यक्तींना संशोधकांच्या एका चमूने संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले आणि त्यांच्या मनगटावर झोपेची नोंद करणारे घड्याळासारखे उपकरण बांधले. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही माणसे रोज रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत. प्रत्यक्ष झोप मात्र सहा तासांहूनही कमी भरत असे आणि तीही रात्रीतून तीसहून अधिक वेळा मोडत असे. उकाडा, डास, रहदारीचा आवाज, खिडकीतून येणारा दिव्यांचा उजेड आणि एकाच खोलीत झोपणारी अनेक माणसे, अशी त्यामागची कारणे होती.

यानंतर काही जणांना झोपेचे महत्त्व समजावून सांगण्यात आले, अधिक झोपण्यासाठी प्रोत्साहन देण्यात आले. तसेच गाद्या, पंखे, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानांत घालायचे बोळे अशी साधनेही पुरविण्यात आली. परिणामी त्यांची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. मात्र त्यांची कार्यक्षमता, एकाग्रता अथवा मानसिक समाधान यांत मोजता येईल असा कोणताही फरक पडला नाही. याउलट ज्यांना दुपारी कामाच्याच जागी, शांत वातावरणात, अर्धा तास डुलकी घेण्याची मुभा मिळाली, त्यांची कार्यक्षमता, आकलन आणि मनःस्थिती या तिन्हींत सुधारणा दिसून आली. अर्थात, डुलकीमुळे कामाचा वेळ काहीसा घटला, हेही संशोधकांनी नोंदविले आहे.

हा निष्कर्ष तज्ज्ञांच्याही अपेक्षेविरुद्ध होता. घरी वाढलेली २७ मिनिटे ही आधीच्या झोपेइतकीच तुटक होती, तर दुपारची डुलकी थोडी असली तरी निर्विघ्न होती, असे त्याचे एक स्पष्टीकरण सुचविले जाते. ‘लवकर निजा, भरपूर झोपा, रोज व्यायाम करा’ हा उपदेश आपल्याकडे नवा नाही. तो चुकीचाही नाही. मात्र झोप आणि व्यायाम यांचा मनाशी असलेला संबंध या उपदेशात मावत नाही, इतका तो परिस्थितीशी निगडित आहे.

लक्षण की कारण?

निद्रानाश हे नैराश्याचे केवळ एक लक्षण होय, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ धारणा होती. मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप परत येईल, असे मानले जाई. १९८९ मध्ये अमेरिकेत सुमारे आठ हजार व्यक्तींच्या अभ्यासातून निराळे चित्र पुढे आले. वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन्ही मुलाखतींत ज्यांनी झोपेची तक्रार केली होती, त्यांच्यात नव्याने नैराश्य उद्भवण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक होते. २०११ मध्ये अशा २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. नैराश्य नसलेल्या परंतु निद्रानाश असलेल्या व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे त्यातून निष्पन्न झाले.

दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली, असे मात्र म्हणता येत नाही. त्यासाठी झोप सुधारून मनावर काय परिणाम होतो, हे पाहावे लागते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नेमके हेच करण्यात आले. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील निद्रानाशाने त्रस्त अशा ३,७५५ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली आणि त्यांपैकी एका गटाला इंटरनेटद्वारे निद्रानाशावरील मानसोपचार देण्यात आले. या गटाची झोप सुधारलीच. त्याबरोबर इतरांविषयीचा अकारण संशय, भास, नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाणही घटले. अनेक विद्यार्थ्यांनी उपचार अर्ध्यावर सोडले, ही या चाचणीची मर्यादा होय. तरीही झोप ही मानसिक आजाराच्या कारणसाखळीतील एक कडी आहे, याचा हा भक्कम पुरावा मानला जातो.

मेंदूच्या पातळीवर काय घडते, याची कल्पना २००७ मधील एका प्रयोगावरून येते. सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या निरोगी तरुणांना अस्वस्थ करणारी चित्रे दाखविण्यात आली, तेव्हा भीती व क्रोध यांच्याशी संबंधित अशा ‘अमिग्डाला’ या भागाची प्रतिक्रिया झोप घेतलेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी तीव्र आढळली. या भागावर अंकुश ठेवणाऱ्या मेंदूच्या पुढील भागाशी असलेला त्याचा संपर्कही क्षीण झालेला होता. जागरणानंतर क्षुल्लक कारणावरून होणारी चिडचिड हा केवळ स्वभावदोष नव्हे, असा याचा अर्थ.

झोप ‘लागते’

मराठीत भूक आणि तहान यांप्रमाणे झोपही ‘लागते’. या क्रियापदात शास्त्रीय तथ्य सामावलेले आहे. झोप इच्छाशक्तीने आणता येत नाही. जागेपणी मेंदूत ‘अडेनोसिन’ नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेची गरज वाढवीत नेते. चहा-कॉफीतील कॅफिन याच द्रव्याचा मार्ग अडवते. संध्याकाळी उशिरा घेतलेला चहा रात्री भोवतो, तो यामुळे. दुसरीकडे, शरीरातील जैविक घड्याळ दिवस-रात्रीच्या चक्राशी जुळवून घेत असते. या घड्याळाची रेणूंच्या पातळीवरील यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हे घड्याळ प्रामुख्याने प्रकाशावर चालते. सकाळचा सूर्यप्रकाश ते पुढे सरकवतो, तर रात्रीचा प्रखर उजेड मागे खेचतो. पाळ्यांमध्ये काम करणारे पोलीस, परिचारिका, कारखान्यांतील कामगार आणि परदेशी ग्राहकांसाठी रात्रभर जागणारे कॉल सेंटरचे कर्मचारी या घड्याळाविरुद्धच जगत असतात. त्यांना ‘रात्री दहाला झोपा’ असे सांगणे व्यर्थ होय.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांऐवजी मानसोपचार हाच पहिला उपाय असावा, अशी शिफारस केली. या उपचाराची पद्धत सर्वसामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. ज्याला झोप येत नाही तो सहसा लवकर अंथरुणाला पाठ टेकतो आणि तासन् तास कूस बदलत राहतो. येथे मात्र त्याला अंथरुणावरचा वेळ कमी करावयास सांगितले जाते. झोप आल्यावरच आडवे व्हावे, बराच वेळ जाग राहिल्यास उठून दुसऱ्या जागी बसावे आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे, असे त्याचे स्वरूप असते. काही आठवड्यांत झोपेची गरज साचून ती सलग होऊ लागते आणि ‘अंथरूण म्हणजे तळमळ’ ही मेंदूने बांधलेली गाठ सुटू लागते.

तथापि, हा उपाय प्रत्येकाने स्वतःच्या मनाने करावा असा नाही. उन्माद आणि नैराश्य यांचे झटके आळीपाळीने येणाऱ्या द्विध्रुवीय विकारात झोप कमी झाल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाला अचानक दोन-तीन तासांची झोप पुरू लागली आणि उत्साह ओसंडू लागला, तर कुटुंबीयांनी ती प्रगती न मानता धोक्याची सूचना मानावी, असे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात.

चालण्याचा गुण

व्यायामाविषयीचा बहुचर्चित पुरावा अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून १९९९ मध्ये आला. नैराश्याने ग्रस्त असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांपैकी काहींना सर्ट्रालिन हे औषध, काहींना आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, तर काहींना दोन्ही देण्यात आले. औषधाचा गुण लवकर दिसला. परंतु १६ आठवड्यांअखेर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच होती. नॉर्वेमध्ये ३३,९०८ प्रौढांचा ११ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांनी आठवड्यातून किमान एक तास व्यायाम केला असता, तर नव्याने उद्भवलेल्या नैराश्यापैकी सुमारे १२ टक्के टळू शकले असते, असा अंदाज त्यात मांडण्यात आला. एक तास, तोही आठवड्यातून! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. ही संख्या ऐकूनच हातपाय गाळणाऱ्यांना नॉर्वेचा आकडा अधिक आश्वासक वाटावा. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२४ मध्ये २१८ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात चालणे किंवा धिमे धावणे, योगासने आणि स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम नैराश्यावर विशेष उपयुक्त आढळले, जरी त्यांतील अनेक अभ्यासांच्या दर्जाबाबत लेखकांनीच सावधगिरीचा इशारा दिला आहे.

याच नियतकालिकात २०१२ मध्ये आलेल्या एका चाचणीची मात्र फारशी चर्चा होत नाही. इंग्लंडमध्ये नैराश्याच्या ३६१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर अधिक हालचाल करण्यासाठी सल्ला आणि प्रोत्साहन देण्यात आले. त्यांची हालचाल वाढली. नैराश्य मात्र इतरांहून अधिक घटले नाही. ड्यूकमध्ये ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, कुणाच्या तरी देखरेखीखाली व्यायाम होत होता. इंग्लंडमध्ये सल्ल्यानंतरचे सारे रुग्णावर सोपविले होते. दोन्ही निकालांतील अंतराचे हे एकमेव कारण नसेल, परंतु ते दुर्लक्षिण्याजोगेही नाही. नैराश्य सर्वप्रथम हिरावून घेते ती उठण्याची उमेदच. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला ‘फिरायला जात जा’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्यास जिना दाखविण्यासारखे होय.

या संदर्भात गोव्यातील एक प्रयोग उल्लेखनीय ठरतो. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. मन प्रसन्न होण्याची वाट न पाहता दिवसातील छोट्या, अर्थपूर्ण कृती आधी ठरवायच्या आणि पार पाडायच्या, हे त्या बैठकांचे सूत्र होते. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हा व्यायामाचा कार्यक्रम नव्हता, हे खरे. परंतु सल्ला आणि सोबत यांतील फरक त्यावरून ध्यानात येतो.

घरकाम म्हणजे व्यायाम?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. यावर ‘घरातली कामे हाच बाईचा व्यायाम’ असे उत्तर अनेक घरांत मिळते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-विनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करीत होते. कष्टांची वानवा नाही. परंतु मनःस्वास्थ्याशी चांगला संबंध आढळतो तो मुख्यतः फुरसतीतील, स्वेच्छेने केलेल्या हालचालीचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात घरकामातील श्रमांचा असा लाभ दिसला नाही, तर नोकरी-व्यवसायातील शारीरिक श्रमांचा संबंध उलट मानसिक अस्वास्थ्याशी आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फुरसतीच्या वेळी व्यायाम अथवा खेळ करणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते. सर्वांत शेवटी निजणाऱ्या आणि सर्वांत आधी उठणाऱ्या गृहिणीच्या बाबतीत झोप आणि व्यायाम या दोहोंचा प्रश्न अखेरीस एकच असतो : तिच्या दिवसात तिचा स्वतःचा वेळ किती?

उपचार केव्हा घ्यावेत?

बंगळूरु येथील ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. यांतील बरेच जण डॉक्टरांकडे जातात, परंतु ‘मन उदास आहे’ असे न म्हणता ‘झोप नाही, अंग दुखते, थकवा जात नाही’ असे सांगतात. अशा वेळी झोपेच्या गोळीवर भेट आटोपली, तर मूळ आजार तसाच राहतो. यांतील अनेक गोळ्यांची सवय जडते. म्हणूनच २०१४ पासून त्यांपैकी अनेक औषधे ‘एच-१’ अनुसूचीत असून, त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक आहे. जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्या घेणे धोक्याचे आहे. त्याचप्रमाणे चालू असलेली गोळी एकाएकी बंद करणेही घातक ठरू शकते.

आठवड्यातून किमान तीन रात्री झोपेचा त्रास होत असेल आणि तो तीन महिने टिकला असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश समजला जातो. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येणे आणि दिवसा अनावर पेंग येणे ही निराळ्या विकाराची चिन्हे असून त्यासाठी वेगळी तपासणी लागते. उदासीनता अथवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास व्यायामाने बरे वाटण्याची वाट पाहत बसू नये. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत असल्यास एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते आणि ते मराठीतूनही उपलब्ध आहे.