आचरणांतील ख्रिस्तधर्म : पंडिता रमाबाईंचें केडगांव

धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथांवरून करावी कीं अनुयायांच्या वागण्यावरून, हा वाद जुना आहे. ख्रिस्ती धर्मापुरतें बोलावयाचें तर नव्या करारांतच त्याचा निकाल आढळतो. उघड्या व उपाशी बांधवाची नुसत्या गोड शब्दांनीं बोळवण करणारी श्रद्धा निर्जीव होय, असा याकोबाच्या पत्राचा भावार्थ आहे. महाराष्ट्रांत त्याचा अर्थ ज्यांच्या चरित्रावरून चटकन् समजतो अशा व्यक्ति थोड्या. त्यांत पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) अग्रभागीं येतात.

कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या विदुषीचें मन शास्त्रार्थानेंच वळलें असेल, असें वाटणें साहजिक आहे. पण त्यांनीं स्वतः लिहून ठेवलेली हकीकत निराळी आहे. इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमांत राहत असतां त्यांस लंडनमधील फुलहॅम येथील आश्रयगृह पाहावयास मिळालें. समाजानें ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांचा तेथें सांभाळ होत असे. इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं कांहीं जणी सुधारून आजाऱ्यांच्या सेवेस लागल्या होत्या. अशा बायकांसाठीं कोणीं कांहीं करावें, ही कल्पनाच रमाबाईंना नवी होती. हें कशामुळें घडतें, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या विहिरीवरील भेटीची कथा वाचून दाखविली. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे कृति आधीं दिसली आणि वचन मागाहून आलें.

१८८९ सालीं मुंबईंत ‘शारदासदन’ निघालें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांत हिंडून शेंकडों मुली आणल्या व त्यांना केडगांवच्या शेतांत आसरा दिला. ‘दया’ हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. पण हाडांचा सांपळा झालेल्या पोरीला एकदम पोटभर जेवूं घालणेंही धोक्याचें असतें. तिला पेज घोटघोट पाजावी लागते, खरूज धुवावी लागते, डोक्यांतील उवा काढाव्या लागतात. भाकरीचा तुकडा लपवून ठेवण्याची तिची संवय सुटेपर्यंत धीर धरावा लागतो, तो निराळाच. हें काम एका दिवसाचें नव्हे, आणि त्याला टाळ्याही मिळत नाहींत. पुढें येथें शेती, विणकाम व छापखाना चालूं लागला. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवूं लागल्या. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, तेंही साध्या बायाबापड्यांस कळावें अशा भाषेंत. आणि त्याचे खिळे जुळविले ते आश्रमांतल्याच स्त्रियांनीं.

या कार्यावर आक्षेप आले नाहींत असें नाहीं. शारदासदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, असें आरंभीं ठरलें होतें, व ब्राह्मण विधवांच्या सोंवळ्याओंवळ्याचीही सोय ठेवलेली होती. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हां त्यांच्या खोलीचें दार उघडें असे, आणि मुली तेथें येऊन बसत. १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. आश्रित मुलीची निवड कितपत स्वतंत्र असूं शकते, हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता, हें रमाबाईंच्या चाहत्यांनींही मान्य करावयास हवें. ज्या हातानें अन्न मिळतें, त्या हाताचा धर्म नाकारणें सोपें नसतें. मात्र आक्षेप घेणाऱ्या समाजानें त्या मुलींसाठीं तोंवर काय केलें होतें, हा उलट प्रश्नही तितकाच खरा आहे.

याच सदनांत गोदूबाई नातू ही विधवा विद्यार्थिनी कांहीं वर्षें राहिली. तिनें धर्म बदलला नाहीं. १८९३ सालींच धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई कर्वे झाली. पुढें हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमासाठीं तिनें गांवोगांव हिंडून वर्गणी गोळा केली.