पाऊस, ड्रायर आणि आईची वाकळ

जुलै महिन्यात कोल्हापुरात दोन गोष्टींची रोज चौकशी होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट झाली, ही पहिली. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. दुसरी चौकशी घरातली असते आणि वर्तमानपत्रात छापून येत नाही : कपडे वाळले का? दिवाणखान्यात पंख्याखाली दोऱ्या बांधायच्या, खुर्च्यांच्या पाठीवर परकर पसरायचे आणि तिसऱ्या दिवशीही बनियनला कुबट वास येतोच, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. चातुर्मासात पहाटे अभिषेकासाठी धूतवस्त्र कोरडे हवे असते, तेव्हा ही अडचण अधिकच जाणवते.

२०२१ च्या महापुरानंतर आमच्या घरी कपडे धुऊन वाळवूनही देणारे यंत्र आले. पुराच्या त्या दिवसांत पाणी उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता. चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडा, अशी अवस्था होती. पाणी सुरू झाल्यावर धुण्याचा जो ढीग साठला, त्याने निर्णय पक्का केला. बँकेत पस्तीस वर्षे इतरांच्या कर्जाचे कागद बारकाईने वाचणाऱ्या मी, स्वतःच्या यंत्राबरोबर आलेले माहितीपुस्तक मात्र वाचले नाही. त्याची किंमत आईच्या वाकळीने मोजली.

ती वाकळ आईनेच शिवलेली होती. आत जुन्या धोतरांचे थर आणि वर तिची दोन इरकली लुगडी. ओलसर हवेने तिला वास येऊ लागला म्हणून मी ती धुतली आणि सर्वांत जास्त उष्णतेवर वाळत लावली. दोन तासांनी बाहेर आली ती वरून कढत, आतून ओली आणि काठांवर चुण्या पडलेली. सूनबाई हळूच म्हणाली, “अण्णा, सांगितलं असतं तर मी थांबवलं असतं.” तिचे म्हणणे खरे होते. असे का झाले, हे मी नंतर कापडाच्या धंद्यातील स्नेह्यांकडून आणि थोड्या वाचनातून समजून घेतले. आपल्यापैकी अनेकांची पेढी कापडाचीच असल्याने यातले काही भाग आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक असतील.

प्रथम एक गैरसमज. सेमी-ऑटोमॅटिक यंत्राच्या दुसऱ्या टोपलीला आपण सर्रास ‘ड्रायर’ म्हणतो. ती कपडे फक्त गरगर फिरवून पाणी झटकते. तिथे उष्णता नसते. त्यात पैठणीखेरीज बहुतेक काहीही चालते, म्हणून ‘आम्ही वर्षानुवर्षे ड्रायर वापरतो, काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांवर विसंबू नये. खऱ्या ड्रायरमध्ये गरम हवेत कपडे एकमेकांवर आपटत घुसळले जातात. कापडाला धोका आहे तो उष्णतेचा आणि या घुसळण्याचा मिळून.

सुती कापड मुळात उष्णतेला भीत नाही, तरीही ते आटते. याचे उत्तर इचलकरंजीत मिळते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हापासून आजपर्यंत मागावरच्या उभ्या धाग्याचे नशीब तेच आहे : सायझिंगमध्ये त्याला खळ चढते, बीमवर तो ताणून गुंडाळला जातो आणि विणला जाईपर्यंत ताणलेलाच राहतो. पाण्यात पडल्यावर आणि ड्रायरमध्ये घुसळल्यावर तो ताण सुटतो. धागा आपल्या मूळ लांबीकडे परततो. म्हणून सदरा अंगात घट्ट होण्याआधी उंचीला आखूड होतो. ताण उभ्या धाग्यात जास्त असतो ना!

यावर उपाय अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी शोधला आणि १९३० साली त्याचे पेटंट घेतले. कापड गिऱ्हाइकाकडे जाऊन आटण्याऐवजी कारखान्यातच दाबून आटवून घ्यायचे, ही त्यांची युक्ती. जुन्या पिढीतल्या दुकानदारांना ठाणाच्या काठावरचा ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का आठवत असेल. तो शिक्का मारलेले कापड पुढे शेकडा एकाहून जास्त आटू नये, असा त्याचा अर्थ होता. असे कापड, तसेच टॉवेल, पंचे, सुती चादरी, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी हे सारे ड्रायरमध्ये निर्धास्त घालावे. टॉवेल तर दोरीवरच्यापेक्षा मऊ निघतो. सोलापुरी चादरही चालते, पण एका वेळी एकच. ओली झाल्यावर तिचे वजन किती होते, हे बादलीतून उचलणाऱ्यास विचारावे. होजिअरीचे बनियन आणि टी-शर्ट मात्र विणलेल्या कापडापेक्षा अधिक आटतात. ते किंचित दमट असतानाच काढून पंख्याखाली टाकावेत. सुती धाग्यात कोरड्या अवस्थेतही शेकडा आठच्या आसपास ओलावा असतो. तोही काढून टाकला की कपडा कडक होतो, आणि बाहेर आल्यावर हवेतून तितकाच ओलावा परत घेतो. म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाची वीज फुकट.

पॉलिएस्टर आणि टेरिकॉट पाणी कमी धरतात, लवकर वाळतात. त्यांना मंद उष्णता पुरते. जास्त तापवून तसेच ड्रममध्ये पडू दिले, तर थंड होताना ज्या घड्या बसतात त्या इस्त्रीनेही सहज जात नाहीत. शाळेचे गणवेश यंत्र थांबताच काढून हँगरला लावावेत. लेगिंग्ज, जीन्स, अंतर्वस्त्रे यांत स्ट्रेच देणारा जो धागा असतो, तो तीव्र उष्णतेने मरतो. कपडा दिसतो तसाच, पण ढिला पडतो.

लोकरीची गोष्ट वेगळी. लोकरीच्या तंतूवर घराच्या कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ओल, ऊब आणि घुसळण एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. म्हणून मोठ्या माणसाचा स्वेटर नातवाला बसेल असा होतो. लेबलवर स्पष्ट परवानगी असेल तरच लोकर ड्रायरमध्ये घालावी.

रेशमाबद्दल आपल्या समाजात फार लिहायला नको. कोश उकळून धागा काढतात म्हणून अनेक घरांनी रेशीम वर्ज्य केले आहे. तरी आजीची पैठणी किंवा लग्नातला शालू बहुतेक कपाटांत असतोच. रेशीम आणि जर, दोन्हींना ड्रायर वर्ज्य. खरा गुंता आहे तो रेशमाऐवजी आपण जे ‘आर्ट सिल्क’ घेतो त्याचा. या एका नावाखाली दोन अगदी भिन्न धागे विकले जातात. एक व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, दुसरा पॉलिएस्टर. पॉलिएस्टर मंद उष्णता सोसतो. व्हिस्कोस मात्र ओला असताना जवळजवळ निम्मी ताकद गमावतो आणि गरम ड्रायरमध्ये वाईट तऱ्हेने आटतो. ओळखायचे कसे? पदराच्या टोकाचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. कागदासारखे जळून मऊ राख उरली तर व्हिस्कोस, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि केस जळल्याचा वास आला तर ‘आर्ट’ नव्हे, खरेच रेशीम. ही परीक्षा कापडपेठेत पूर्वापार चालत आली आहे.

आईच्या वाकळीचे कोडे इथेच सुटले. तिच्या इरकलीचे अंग सुती, आणि काठ-पदर मात्र रेयॉनचे, चमक्याचे. सुती भाग थोडा आटला, काठ बराच आटला, आणि टाक्यांनी दोघांना एकत्र जखडलेले. चुण्या पडणारच. शिवाय एवढ्या थरांच्या आत गरम हवा पोचतच नाही. वर कढत, आत ओली राहिली ती त्यामुळे.

हे सारे लक्षात ठेवायचे नसेल, तर कपड्याच्या शिवणीतले लेबल पाहावे. चौकोन आणि त्यात वर्तुळ, ही ड्रायरची खूण. वर्तुळात एक टिंब असेल तर मंद उष्णता, साधारण ६० अंशांपर्यंत. दोन टिंबे असतील तर ८० अंशांपर्यंत. चौकोनावर फुली असेल तर घालू नये. शिंप्याने शिवलेल्या कपड्यावर लेबल नसते, तिथे वरची माहिती उपयोगी पडेल.

आता कापडापेक्षा महत्त्वाची गोष्ट. तेलकट फडकी, अभ्यंगाच्या तेलाने माखलेले टॉवेल, फरसाणाच्या कढईखालची पुसणी ड्रायरमध्ये कधीही घालू नयेत. धुतल्यानंतरही धाग्यात तेल उरते. खाद्यतेल हवेशी संयोग पावताना स्वतः तापते, आणि गरम कपड्यांचा गच्च ढीग ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. यंत्र बंद झाल्यावरही असा ढीग पेट घेऊ शकतो. यंत्राचा शेवटचा थंड हवेचा टप्पा घाईने तोडू नये, तो याचसाठी असतो. पेट्रोलने डाग काढलेला कपडा, रबर लावलेली पायपुसणी आणि फोमच्या उश्याही बाहेरच ठेवाव्यात. गाळणीतला धाग्यांचा कापूस दर वेळी काढावा.

राहिला खर्च. माझ्या यंत्रात धुणे ८ किलो मावते, पण वाळवणे ५ किलोच. विकत घेताना हा दुसरा आकडा कोणी सांगत नाही. ५ किलो सुती कपडे पिळून झाल्यावरही ३ किलोच्या आसपास पाणी धरून असतात. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट लागते, म्हणजे नुसता हिशेबच दोन युनिटांजवळ जातो. प्रत्यक्षात हीटरच्या यंत्राला तीन-चार लागतात. हीट पंपाचे यंत्र तीच उष्णता फिरवून वापरते, त्यामुळे बरीच कमी वीज घेते, पण महाग असते. आणखी एक गंमत : धुणे-वाळवणे एकत्र करणारी अनेक यंत्रे वाफ थंड करण्यासाठी नळाचे पाणी वापरतात. कपडे वाळवायला पाणी लागते, हे ऐकून आमच्या सौ. अर्धा दिवस हसत होत्या.

आमच्याकडे आता यंत्र जून ते सप्टेंबर चालते, तेही टॉवेल, चादरी आणि नातवाच्या कपड्यांपुरते. धूतवस्त्र आजही वेगळ्या दोरीवरच वाळते. वाकळीचे काठ गल्लीतल्या एका मावशींनी उसवून, सैल टाके घालून पुन्हा बसवले. चुण्या पूर्ण गेल्या नाहीत. मार्च महिन्यात कडक ऊन पडले की तिला गच्चीवर घालतो, आणि संध्याकाळी घडी करून वरच्या फळीवर ठेवतो.