सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, मग रस्ता त्यांचा कसा?

शहरात कुठेही सायकल ट्रॅकची चर्चा सुरू झाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आम्ही रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो, टोल भरतो. हे सायकलवाले काय भरतात?’ गाडी घेताना शोरूमच्या बिलावर रोड टॅक्सचा आकडा ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. महाराष्ट्रात पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकी आणि मोटारींना किमतीच्या दहा-बारा टक्क्यांच्या आसपास एकरकमी कर भरावा लागतो. दहा लाखांच्या गाडीवर लाखभर रुपये जातात. सायकल घेणाऱ्याला असं काहीच नाही. मग सायकलवरही कर लावावा का?

ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे हा कर होता, आणि कायद्याच्या पुस्तकातून तो अजूनही पुरता गेलेला नाही.

सायकलचा बिल्ला

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना सायकलच्या बिल्ल्याबद्दल विचारा. पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांत नगरपालिका सायकलवर वर्षाला ठरावीक रक्कम घेत आणि धातूचा छोटा बिल्ला देत. तो सायकलला लावायचा, वर्ष संपलं की नवा घ्यायचा. बिल्ला नसेल तर दंड. रात्री दिवा नसेल तरी दंड आणि डबलसीट बसलात तरी दंड. त्या काळच्या सायकलस्वाराच्या नशिबी हे तिन्ही होते. आज हे बिल्ले जुन्या बाजारात नाण्यांच्या शेजारी विकायला असतात.

या कराला राज्यघटनेचा आधार आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५७व्या नोंदीनुसार रस्त्यावर चालण्याजोग्या वाहनांवर कर लावता येतो, मग ती यंत्राने चालोत वा न चालोत. १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात वाहनं, नावा आणि जनावरं यांच्यावरच्या कराची तरतूद आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये तर सायकल आणि जनावरांनी ओढायची वाहनं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं ही यादी पाठ करतात. म्हणजे सायकलवर कर लावण्याचा अधिकार सरकारकडे नाही असं नाही. अधिकार असूनही तो वापरात राहिला नाही, आणि त्याचं कारण साधं होतं. रक्कम किरकोळ, सायकली हजारोंनी, दरवर्षी नवा बिल्ला, नवी नोंद, चौकाचौकात तपासणी. हाती येणाऱ्या पैशाच्या मानाने हा व्याप फार मोठा होता.

तुमचा रोड टॅक्स जातो कुठे?

मूळ गैरसमज इथे आहे. ज्याला आपण बोलताना रोड टॅक्स म्हणतो, त्याचं कायद्यातलं नाव मोटार वाहन कर आहे. १९५८च्या राज्य कायद्यानुसार तो वसूल होतो आणि राज्याच्या तिजोरीत जमा होतो. घरासमोरचा रस्ता मात्र बहुतेक वेळा महापालिकेचा असतो. त्याचं डांबर, खड्डे, दुभाजक, गटारं आणि दिवे यांचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातून होतो. तिथे पैसा येतो तो मालमत्ता करातून, बांधकाम परवान्यांच्या शुल्कातून, मुद्रांक शुल्कावरच्या अधिभारातून आणि जकात-एलबीटी गेल्यावर राज्याकडून मिळणाऱ्या जीएसटी भरपाईतून.

आता यातलं सायकलवाला काय भरत नाही? स्वतःचं घर असेल तर तो घरपट्टी भरतो. भाड्याने राहत असेल तर भाड्यातून भरतो. साबणापासून मोबाइल रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर जीएसटी भरतो. सायकल घेतानाही भरतो. सायकलवर आधी १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ५ टक्के झाला. एखाद्या सोसायटीचा वॉचमन सायकलवरून कामाला येतो आणि त्याच सोसायटीतला रहिवासी मोटारीतून बाहेर पडतो. समोरच्या महापालिकेच्या रस्त्याला दोघांनी पैसे दिलेले असतात. कमी-जास्त असतील, पण दोघांनीही दिलेले असतात.

पेट्रोल-डिझेलची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे मोटारवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इंधनावरच्या केंद्रीय उपकरातून रस्ते व पायाभूत सुविधा निधी उभा राहतो. त्यातून राष्ट्रीय महामार्गांना पैसा मिळतो, आणि प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतल्या गावरस्त्यांनाही मिळत आला आहे. त्या रस्त्यांवरून शाळेत जाणारी मुलगी सायकलवरून जाते आणि इंधनाचा थेट कर भरत नाही, हे खरं. पण डिझेलवरचा कर शेवटी कांद्याच्या भावात उतरतो आणि कांदा तिच्या घरीही लागतो.

टोलचा मुद्दा तर या वादात यायलाच नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला प्रवेशच नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर नाही, अटल सेतूवर नाही. जिथे जायलाच बंदी आहे, तिथला टोल भरला नाही म्हणून कुणाला फुकट्या म्हणता येत नाही.

रस्ता झिजवतो कोण?

‘जो वापरेल त्याने भरावं’ हे तत्त्व कुणालाही पटण्यासारखं आहे. ते प्रामाणिकपणे लावलं तर काय होतं, याचा हिशेब करून पाहू.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ एक मोठा प्रयोग झाला. वेगवेगळ्या जाडीचे रस्ते बांधून त्यांवरून दोन वर्षं भरलेले ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम रस्ते अभियंते आजही वापरतात. एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. म्हणजे वजनाच्या चौथ्या घाताने वाढते.

सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरू, म्हणजे प्रत्येक चाकावर ४५. माणसांसह मोटारीचं वजन १,२०० किलो धरलं तर प्रत्येक आसावर ६००. हे सुमारे १३ पट झालं. त्याचा चौथा घात काढला की ३१ हजारांच्या पुढे जातो. दोघं सारखंच अंतर चालले असं समजू आणि मोटारवाल्याने एक लाख रुपये रोड टॅक्स भरला असेल, तर त्याच दराने सायकलवाल्याचा वाटा निघतो तीन रुपये सोळा पैसे. तोही एकदाच. बिल्ला बनवायलाच त्याहून जास्त पैसे लागतील.

हा हिशेब इतक्या हलक्या वजनाला तंतोतंत लागू पडत नाही, कारण प्रयोग ट्रकांवर झाला होता. पण दिशा चुकत नाही. दहा टन आसभाराच्या ट्रकशी तुलना केली तर आकडा दोनशे कोटींच्या वर जातो आणि मग बोलण्यासारखं फारसं उरत नाही. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मानकात रस्त्याची जाडी ठरवताना तीन टन आणि त्याहून जड व्यावसायिक वाहनंच मोजतात. सायकल सोडाच, तुमची-आमची मोटारही त्या हिशेबात धरलेली नसते. (उरलेलं काम आपल्याकडे पावसाचं पाणी करतं, आणि त्याच्यावर अजून कुणी कर लावलेला नाही.)

झीज सोडून जागेचा विचार केला तरी उत्तर बदलत नाही. उभ्या एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. धूर आणि आवाज यांत सायकलचा वाटा नाही. मोटार वाहन कर हा रस्त्याच्या मालकीचा दाखला नाही. मोटार रस्त्यावर आल्याने जो भार पडतो, त्याची ती अंशतः भरपाई आहे.

इतर देशांनी काय केलं?

सायकलच्या बाबतीत नेदरलँड्सचं नाव सगळेच घेतात. तिथे १९२४मध्ये सायकलवर कर लागला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. आपल्या बिल्ल्यासारखाच पितळी बिल्ला होता. कर भरणं परवडत नाही अशा बेरोजगारांना तो फुकट मिळे, पण त्याला मधोमध भोक पाडलेलं असे. म्हणजे कुणाची परिस्थिती काय आहे, हे रस्त्यावरच्या कुणालाही दिसे. १९४१मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, हा कर रद्द झाला आणि युद्धानंतरही परत आला नाही. आज ज्या सायकलमार्गांचं कौतुक होतं, त्यांची मोठी उभारणी हा कर गेल्यानंतर काही दशकांनी, सत्तरच्या दशकापासून झाली.

ब्रिटनमध्ये हा वाद आपल्यापेक्षा कडवट आहे. तिथे १९२०च्या कायद्याने मोटारींवरच्या कराचा खास रस्ते निधी झाला होता. १९२६मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यातला पैसा इतर खर्चाकडे वळवला, आणि १९३७पासून कराचा रस्त्यांच्या खर्चाशी असलेला थेट संबंध तुटला. तेव्हापासून तिथले रस्ते सर्वसाधारण करांतून होतात. तरी ‘रोड टॅक्स भरा’ असं सायकलस्वारांना ओरडून सांगणारे लोक तिथे अजूनही भेटतात. २००१पासून नव्या मोटारींचा हा कर कार्बन उत्सर्जनाशी जोडला गेला, त्यामुळे विजेच्या मोटारींना तो २०२५च्या एप्रिलपर्यंत शून्य होता. त्यांच्यावर मात्र कुणी खिडकीतून ओरडत नव्हतं.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचं. तिथे २०१८पासून २०० डॉलर किंवा त्याहून महाग नव्या सायकलवर विक्रीच्या वेळी १५ डॉलर कर आहे. स्वित्झर्लंडचा सायकलवरचा स्टिकर अनेकांना कर वाटे, पण तो अपघात झाल्यास दुसऱ्याची भरपाई करणारा विमा होता. २०१२पासून तोही बंद झाला.

ओरेगनची पद्धत बिल्ल्यापेक्षा निश्चितच सुटसुटीत आहे. दरवर्षी चौकात कुणाला अडवावं लागत नाही. पण विक्रीच्या वेळचा कर आपल्याकडे जीएसटीच्या रूपाने आधीपासूनच आहे.

कर कुणाच्या खिशातून जाईल?

सायकल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हल्ली रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघालेला, लाखाच्या सायकलवरचा माणूस येतो. २०११च्या जनगणनेचं चित्र वेगळं आहे. देशातल्या ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, २१ टक्क्यांकडे दुचाकी आणि ४.७ टक्क्यांकडे मोटार. शेती सोडून इतर कामाला जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात. आकडे जुने आहेत आणि दुचाकी त्यानंतर खूप वाढल्या. पण एमआयडीसीच्या फाटकाशी पाळी सुटताना उभं राहिलं की सायकल कोण चालवतं ते दिसतं. वार्षिक नोंदणीचा बोजा पडेल तो याच माणसावर. त्याच्याकडे बिल्ला नसेल तर दंड भरायला वेळ आणि पैसा दोन्ही नसतील, आणि सायकल जप्त झाली तर दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडेल.

कराच्या बाजूने आणखी दोन युक्तिवाद होतात. एक म्हणजे नंबर असला तर शिस्त येईल. उलट्या दिशेने येणाऱ्या नंबरप्लेटवाल्या दुचाकी मोजल्या तर या युक्तिवादाचं वजन कळतं. दुसरा जास्त गंभीर आहे. सायकल ट्रॅकला खर्च येतो, तो सायकलवाल्यांनी का देऊ नये? पण फूटपाथसाठी आपण पादचाऱ्यांकडून वेगळा कर घेत नाही. शिवाय पुण्यात बांधलेल्या सायकल ट्रॅकची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की त्यांवर दुचाकी, हातगाड्या, फांद्या आणि विजेचे डीपी जास्त असतात. आधी पैसे मागायचे आणि मग ही सोय दाखवायची, हे जमणार नाही.

तेव्हा पायडल मारून चालणाऱ्या सायकलवर कर लावण्यात ना महसूल आहे, ना न्याय. खरा प्रश्न येत्या काळात दुसऱ्याच वाहनाचा होणार आहे. केंद्राच्या नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी विजेवरची दुचाकी मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी नाही, नंबर नाही, परवाना नाही. घरपोच सामान पोहोचवणारी कितीतरी मुलं आज अशा गाड्या भाड्याने घेऊन चालवतात. ती गाडी सायकलच्या सवलतीत बसते, पण तिला पायडल असेलच असं नाही, आणि तिचा वेग खरोखर पंचवीसलाच थांबतो की नाही हे तपासायला रस्त्यावर कुणी नसतं. तिने कुणाला धडक दिली तर नंबर नाही आणि सक्तीचा विमाही नाही. स्वित्झर्लंडचा तो बंद झालेला स्टिकर नेमका अशा धडकेसाठी होता.