निघालेले पान आणि निवडलेले पान

स्मरणिकेसाठी लेख मागताना आमचे संपादक मंडळ मला बहुधा लसीकरण किंवा बालआहार असा विषय सुचविते आणि मीही तो निमूटपणे लिहून देतो. यंदा मात्र जरा आडवळणाचा विषय निवडला आहे. टॅरो, म्हणजे भविष्य सांगणारी मंडळी वापरतात ती चित्रांची पाने. त्यांचा उपयोग मनोबल वाढविण्यासाठी आणि मानसोपचारात होतो, असे अलीकडे वारंवार कानी येते. एका बालरोगतज्ज्ञाने या वाटेला जावे याचे सहकाऱ्यांना आश्चर्य वाटेल. एकेकाळी मलाही वाटले असते. परंतु या पानांनी माझ्या एका बालरुग्णाला बळ दिलेले मी पाहिले आहे, आणि माझ्याच गाफीलपणामुळे तीच पाने तिच्या जिवावर बेतलेलीही पाहिली आहेत. या दोन्ही अनुभवांचा हा प्रामाणिक ताळेबंद.

खाटेखाली लपणारी मुलगी

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. रावेरकडील एका केळी बागायतदार कुटुंबातील नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. निदान सरळ होते : टाइप वन मधुमेह. इन्सुलिन सुरू झाले, रक्तशर्करा आटोक्यात आली. परंतु सुईची वेळ झाली की ही मुलगी खाटेखाली जाऊन बसे. आजी रडे, आई रागावे, वडील एकच प्रश्न विचारीत, "डॉक्टरसाहेब, हे कधी सुटणार?" हा आजार सुटणारा नाही, सांभाळावयाचा आहे, हे मी नाना परींनी सांगितले. मोठ्यांना ते पटले नाही आणि लहानगीला कळले नाही.

त्याच सुमारास पुण्यात समुपदेशनाचे काम करणारी माझी भाची सुट्टीसाठी बुऱ्हाणपूरला आली होती. तिच्या पिशवीत टॅरोचा जोड पाहून मी तिची थट्टा केली. ती शांतपणे म्हणाली, "मामा, मी भविष्य सांगत नाही. माणसाला स्वतःविषयी बोलता येत नाही. पण चित्राविषयी बोलता येतं." तिने तो जोड माझ्याकडेच ठेवला.

पुढच्या भेटीत मी काही पाने त्या मुलीसमोर टेबलावर मांडली आणि आवडेल ते उचलायला सांगितले. तिने उचललेल्या पानावर पांढऱ्या वस्त्रातील एक स्त्री सिंहाचा जबडा दोन्ही हातांनी हळुवार धरून उभी होती. टॅरोमध्ये या पानाचे नाव 'सामर्थ्य' असे आहे.

"ही देवी आहे," मुलगी म्हणाली. "पण ती सिंहावर बसली का नाही?"

"तूच सांग."

ती बराच वेळ पाहत राहिली. "सिंह चावतो, म्हणून तिने त्याचं तोंड धरलंय. पण ती त्याला मारत नाहीये." आणि थोड्या वेळाने, "डॉक्टरकाका, माझी शुगर पण अशीच आहे का?"

जे सांगण्यासाठी मी तीन भेटी खर्ची घातल्या होत्या, ते तिने एका वाक्यात स्वतःच स्वतःला सांगितले. पुढे त्या घरात 'इन्सुलिनची वेळ झाली' असे म्हणण्याऐवजी आजी 'चल, सिंहाचं तोंड धरायची वेळ झाली' असे म्हणू लागली. मुलगी खाटेखालून बाहेर आली. महिन्याभरात ती स्वतःच्या हाताने सुई टोचून घेऊ लागली.

चित्रांमागील शास्त्र

यात चमत्कार काहीच नाही. टॅरोचा उगम पंधराव्या शतकातील उत्तर इटलीमधला. ती खेळण्याची पाने होती. एकूण ७८ पाने, त्यांपैकी २२ विशेष चित्रांची. त्यांना भविष्यकथनाची झूल चढली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. आज सर्वत्र दिसणारा जोड १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची आहेत. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे ही पाने मुख्यतः करमणुकीची होती.

मानसशास्त्रात या चित्रांना अर्थ आला तो कार्ल युंग यांच्या विचारामुळे. माता, वीर, ज्ञानी वृद्ध, मृत्यू, पुनर्जन्म अशा काही प्रतिमा सर्व मानवजातीच्या नेणिवेत वास करतात, असे त्यांनी मांडले. मराठी समीक्षेत त्यांना 'आदिबंध' म्हणतात. १९३७-३८ च्या हिवाळ्यात युंग भारतात आले होते. कलकत्त्यात आमांशाने त्यांना काही दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि आपल्याच मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपाने ते विलक्षण भारावून गेले, हे त्यांच्या आत्मकथनात आहे. सामूहिक नेणिवेची त्यांची कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध झालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु चित्र दाखवून बोलते करण्याची रीत मात्र आपल्या शास्त्रात मान्य आहे. रोर्शाक यांची शाईच्या डागांची चाचणी १९२१ ची, मरे व मॉर्गन यांची चित्रकथा-चाचणी १९३५ ची, तर बेलाक यांची मुलांसाठीची चाचणी १९४९ ची. या चित्रकथा-चाचण्यांची भारतीय रूपांतरे डॉ. उमा चौधुरी यांनी केली.

मुलाच्या बाबतीत कारण सोपे आहे. 'तुला कसली भीती वाटते?' या प्रश्नाला नऊ वर्षांचे मूल उत्तर देत नाही. 'या चित्रातल्या बाईला कसली भीती वाटत असेल?' या प्रश्नाला देते. भीती स्वतःपासून हातभर दूर ठेवली की ती पाहता येते. आणि पाहता आली की तिच्याशी काय करावयाचे हेही सुचते.

'सूर्य निघाला'

आता ताळेबंदाची दुसरी बाजू. दोनेक महिन्यांनंतरच्या भेटीत त्या मुलीने सूर्याचे पान उचलले. पांढऱ्या घोड्यावर हसरे बालक, मागे सूर्यफुले आणि वर तळपता सूर्य. आम्ही हसलो, गप्पा झाल्या. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावून काही समजावण्याची गरज मला भासली नाही.

घरी गेल्यावर मुलीने आनंदाने सांगितले, "डॉक्टरकाकांच्या पानात सूर्य निघाला." घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी त्याचा अर्थ लावला : ग्रह फिरले, संकट टळले. दुर्दैवाने त्याच काळात तिची शर्करा उत्तम राहत होती आणि इन्सुलिनची मात्राही कमी लागत होती. उपचार सुरू झाल्यानंतर काही आठवडे ते काही महिने दिसणारा हा 'हनीमून' काळ आपणा सर्वांना परिचित आहे. घरच्यांना तो सूर्याचा कौल वाटला. वडिलांनी इन्सुलिन बंद केले.

काही दिवसांनी पहाटे चार वाजता ते तिला घेऊन आले. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला तो ओळखीचा गोडसर वास, डोळे खोल गेलेले. कीटोॲसिडोसिस. सलाईन, इन्सुलिनची संथ धार, तासा-तासाला तपासणी. दीड दिवसानंतर ती सावरली. तो दीड दिवस मी विसरू शकत नाही. वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमच्याच पानात निघालं होतं ना?" त्यांच्यावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. इन्सुलिनचा उपयोग माणसावर प्रथम झाला तो १९२२ साली. त्यापूर्वी हे निदान म्हणजे मृत्युपत्रच होते. शंभर वर्षांपूर्वीची ती अवस्था माझ्या दवाखान्यातील एका गैरसमजाने परत आणली होती.

नंतर मी पुष्कळ विचार केला. चूक पानात नव्हती, एका क्रियापदात होती. मुलीने सूर्य *निवडला* होता. घरी पोहोचेपर्यंत तो *निघाला*. निवडणारे माणूस असते. निघते ते नशीब. निवडलेल्या पानातून मूल आपले मन सांगते, म्हणून त्याला बळ येते. निघालेले पान माणसाला काहीतरी सांगते आणि त्याच्या हातातील बळ काढून घेते. उपचार आणि भाकीत यांतील सारे अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

मी पाळत असलेली पथ्ये

तेव्हापासून मी काही नियम कटाक्षाने पाळतो. पाने पिसायची नाहीत आणि पालथी ठेवायची नाहीत. सर्व चित्रे सुलटी, मुलाला दिसतील अशी मांडायची. चित्राचा अर्थ मी सांगायचा नाही, मुलाने सांगायचा. आई-वडील खोलीतच हवेत आणि उठण्यापूर्वी त्यांच्याकडून एक वाक्य म्हणवून घ्यायचे : 'चित्र बोलण्यासाठी, औषध आजारासाठी.' चित्राच्या आधारे औषधाची मात्रा, शस्त्रक्रिया किंवा तपासणी यांविषयी एक अक्षरही बोलायचे नाही. आणि मूल खोल निराशेत असेल, जीव देण्याची भाषा करीत असेल, तर पाने बाजूला ठेवून तत्काळ मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे.

पुराव्याविषयी बोलायचे तर, टॅरोमुळे कोणताही आजार बरा होतो याला आधार नाही. मुलांना सुई टोचताना लक्ष दुसरीकडे वेधल्याने वेदना व भय कमी होते, याला मात्र चांगला आधार आहे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यातही तो नोंदविला आहे. आपण दावा करावा तो एवढाच. चमत्काराने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा आपल्या देशात १९५४ पासून आहे आणि त्याच्या यादीत मधुमेहाचे नाव स्पष्टपणे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे आपल्याच व्यवसायातील. २०१३ साली त्यांची हत्या झाली. अंधश्रद्धेचे दार डॉक्टरच्या हातून किलकिलेही होता कामा नये, हे त्यांच्या स्मरणाने मी स्वतःला बजावतो.

आपल्या मातीतील चित्रे

पुढे मी टॅरोचा तो जोड भाचीला परत केला. त्याच्या नावालाच भविष्याचा वास चिकटलेला आहे. तो धुऊन काढण्यात वेळ घालविण्यापेक्षा दुसरी चित्रे घ्यावीत, असे वाटले. ती आपल्याकडे विपुल आहेत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने. ही मरणासन्न कला सावंतवाडीच्या राजघराण्याने, श्रीमंत शिवरामराजे व राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चित्रकारांना आश्रय देऊन जगविली. गंजिफ्याचे वर्णन अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीतही आहे. म्हणजे ज्या अकबराने १६०१ साली आपला असीरगड घेतला, त्याच्या दरबारातही ही पाने होती. शिवाय हा केवळ खेळ राहिला. त्यात भविष्य कोणी पाहत नाही. आमच्या कामाला तेच हवे.

सिकलसेलचा एक आदिवासी मुलगा दर खेपेस कूर्मावताराचेच चित्र उचलतो. एकदा म्हणाला, "दुखायला लागलं की मी पण असाच आत जातो." मी विचारले, "मग कासव बाहेर कधी येतं?" तो म्हणाला, "पाणी मिळालं की." भरपूर पाणी पिण्याचा सल्ला त्याला पुन्हा द्यावा लागला नाही. २०२३ साली आपल्याच राज्यातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणीच्या कागदासोबत एखादे चित्रही अशा मुलांच्या हाती पडले तर बरे.

आपल्या गावात सर्व धर्मांची मुले दवाखान्यात येतात, म्हणून माझ्या पेटीत अवतारांखेरीज साधी चित्रेही आहेत : होडी, कंदील, वड, माग आणि आपला कुंडी भंडारा. सातपुड्याचे पाणी जमिनीखालून, कोणाच्या नजरेस न पडता, चारशे वर्षे या शहराला मिळत आले. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका कुटुंबातील दम्याचा मुलगा त्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "वरून विहीर दिसते, पण खाली नदी आहे." आंतरिक बळ याची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही.

सहकारी मित्रांना माझी एवढीच विनंती आहे : आपल्या टेबलाच्या खणात दहा-बारा चित्रे ठेवून पाहा. खर्च नाही, दुष्परिणाम नाही. मात्र वर सांगितलेली पथ्ये मोडलीत तर दुष्परिणाम भयंकर आहे.

ती मुलगी आता एकवीस वर्षांची आहे. इंदूरला शिकायला जाण्यापूर्वी भेटायला आली होती. पर्समध्ये इन्सुलिनचे पेन होते, सोबत वडीलही होते. मी विचारले, "सिंह कसा आहे?" ती उत्तर देण्याआधीच वडील म्हणाले, "साहेब, तोंड धरलेलंच आहे. आता आम्हीही सोडत नाही."